पोच हातात आल्याशिवाय उठायचं नाही : रोजगार हमीवर पहिल्यांदा काम मागणाऱ्यांसाठी

एका गावच्या पारावरची गोष्ट. मार्चचं ऊन, समोर वीस-बावीस बाया बसलेल्या. सगळ्यांचं एकच म्हणणं, “दोन महिने झाले काम मागतोय, कुणी देईना.” गावात या योजनेची नोंद ठेवणारा रोजगार सेवक तिथंच उभा होता. त्यानं मोबाईल पुढं केला. गावाची कामाची मागणी : शून्य. बायांना वाटलं हा खोटं बोलतोय, त्याला वाटलं बाया खोटं बोलताहेत. खरं तर दोघंही खरं बोलत होते. बायांनी काम मागितलं होतं, पण कुणी पाणवठ्यावर, कुणी एसटीत, कुणी फोनवर, तर एकीनं थेट सेवकाच्या बायकोकडं निरोप ठेवला होता. कागद मात्र एकीनंही दिला नव्हता. आणि रोजगार हमीत सरकारला कागदावर लिहिलेलंच ऐकू येतं.

मी बारा वर्षं मजुरांचे अर्ज भरतेय. नव्यानं गावात काम करू लागलेली पोरंपोरी, बचतगटाच्या ताया, पहिल्यांदाच जॉबकार्ड काढणारी जोडपी मला एकच विचारतात : सुरुवात कुठून करायची? हा लेख त्यांच्यासाठी.

आधी हमी म्हणजे काय ते

घरकुल असो की शेळ्यांचं गटवाटप, बहुतेक योजनांना लक्ष्यांक असतो. यादी लागते, नंबर यावा लागतो. रोजगार हमीचं तसं नाही. इथं यादी नाही, दारिद्र्यरेषेची अट नाही, जमीन किती हेही कुणी विचारायचं नाही. खेड्यात राहणाऱ्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या आणि अंगमेहनतीचं काम करायला तयार असलेल्या कुणीही मागावं आणि सरकारनं पंधरा दिवसांत द्यावं, असा हा कायदा आहे. सगळं मागण्यावर उभं आहे. मागणी नोंदली गेली नाही, तर हमीही नाही.

ही कल्पना मूळची आपल्याकडची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग केला. मग बहात्तरचा दुष्काळ आला. खडी फोडणारी माणसं, कामावरची सुकडी आणि रेशनची मिलो आठवणारे म्हातारे अजून गावोगाव आहेत. १९७७ मध्ये महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. केंद्राचा कायदा त्यानंतर बऱ्याच काळानं, २००५ मध्ये आला. तोच मनरेगा. शहरात नोकरी करणाऱ्या वाचकांना एक सांगते. तुमच्या पगारातून महिन्याला दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो १९७५ साली याच योजनेसाठी सुरू झाला. त्यामुळे “फुकट खातात” म्हणण्याआधी निदान कशासाठी कापतात तेवढं माहीत असू द्या.

आता ताजी गोष्ट. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्याच्या लांबलचक नावाचं ‘जी राम जी’ झालंय. त्यात वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे. मजुरीचा सगळा भार आधी केंद्र उचलायचं, आता आपल्यासारख्या राज्यांत केंद्र ६० आणि राज्य ४० अशी वाटणी आहे. शिवाय पेरणी-काढणीच्या दिवसांत वर्षातून एकूण ६० दिवस कामं बंद ठेवायची तरतूद आहे. योजना नव्या कायद्यात बसवायला राज्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. म्हणजे फॉर्मवरची नावं बदलतील, कार्डाचं नाव बदलेल. पण मागणी, पंधरा दिवस आणि काम न मिळाल्यास भत्ता हा कणा नव्या कायद्यातही आहे. खाली सांगतेय ती मनरेगात रुळलेली वाट. तुमच्या तहसीलला नवा नमुना आला असेल तर तो वापरा, रीत तीच ठेवा.

पहिली पायरी : जॉबकार्ड

जॉबकार्ड म्हणजे कुटुंबाची या योजनेतली नोंद. अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा. छापील नमुना मिळाला तर ठीक, नाही तर साध्या कागदावर चालतो. घरातल्या काम करू इच्छिणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं त्यात घाला. सुनेचं नाव हमखास राहतं, आणि मग तीच कामावर जाते आणि मजुरी सासूच्या नावावर पडते. सोबत आधार, रेशनकार्ड, पासबुकाच्या झेरॉक्स आणि फोटो. पंधरा दिवसांत कार्ड मिळायला हवं, त्याला पैसे पडत नाहीत. फोटोचा खर्चसुद्धा योजनेतून करायचा असतो, हे फार थोड्यांना माहीत आहे.

कुटुंब म्हणजे कोण? एका चुलीवर जेवणारी माणसं. लग्न होऊन वेगळी चूल मांडलेल्या पोराला वेगळं कार्ड मागता येतं. विधवा, टाकलेली किंवा एकटी राहणारी बाई हे स्वतंत्र कुटुंब धरलं जातं. “तुझं नाव भावाच्या कार्डावर टाकतो” असं कुणी म्हणालं तर गोडीत नको म्हणा. दिवसांची हमी कार्डामागे असते. भावाच्या कार्डात तुमचे दिवस त्यांच्यात वाटले जातात.

कार्ड मिळालं की ते घरात, पत्र्याच्या पेटीत. एका वाडीत साठ-सत्तर कार्डं एकाच माणसाच्या कपाटात होती. विचारलं तर म्हणाला, “यांच्याकडून हरवतात ना, म्हणून सांभाळतो.” आम्ही ती सोडवून वाटली, तर सहा घरांच्या कार्डांवर त्यांनी कधी न केलेल्या कामाचे दिवस चढलेले. त्यातला एक आजोबा तर त्या आठवड्यात दवाखान्यात होता. रोजगार हमीत कंत्राटदार चालत नाही आणि मजुरांच्या हातचं काम काढून घेणारी यंत्रं चालत नाहीत. तरी रात्री जेसीबी फिरतो आणि सकाळी मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, माणसं लागतात. त्यासाठी लागतात अशी उसनी कार्डं आणि “खात्यावर येतील त्यातले दोनशे तुला” एवढं आमिष. देऊ नका. चौकशी लागली की सही तुमची असते, जेसीबीवाल्याची नाही.

दुसरी पायरी : खातं

ही पायरी लोकांना किरकोळ वाटते, आणि अर्धी मजुरी इथंच अडकते. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारवर आधारित पद्धतीनंच जमा होते. म्हणजे तुम्ही पासबुकाची झेरॉक्स कुठल्या बँकेची दिली याला अर्थ उरलेला नाही. तुमच्या आधारला सगळ्यात शेवटी जे खातं जोडलं गेलं, पैसे तिथं जातात. मोबाईलच्या दुकानात सिमकार्ड घेताना कुणी अंगठा घेऊन खातं उघडून दिलं असेल, पोरीच्या शिष्यवृत्तीसाठी दुसऱ्या बँकेत उघडलं असेल, लाडकी बहीणच्या वेळी गडबडीत तिसरं जोडलं असेल, तर मजुरी तिकडं गेलेली असते. बाई जुनं पासबुक घेऊन महिनाभर हेलपाटे घालते आणि कॉम्प्युटर म्हणतो, पैसे दिले.

काम मागायच्या आधी दोन गोष्टी तपासा. बँक मित्राकडं किंवा सेवा केंद्रावर आधारला सध्या कुठली बँक जोडलेली आहे ते बघून घ्या आणि जॉबकार्डाच्या मागं पेन्सिलनं लिहून ठेवा. आणि आधार, जॉबकार्ड, पासबुक या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते पाहा. ‘शेवंताबाई’ आणि ‘शेवंता’ या कॉम्प्युटरला दोन बायका वाटतात. अलीकडं कार्डधारकांचं ई-केवायसी, म्हणजे चेहरा दाखवून ओळख पटवणं, हेही सुरू झालंय. ते राहिलं असेल तर आधी ते करून घ्या.

तिसरी पायरी : नमुना चार, आणि पोच

कामाची मागणी करायचा फॉर्म म्हणजे नमुना ४. एकट्यानं भरता येतो, दहा-वीस जणांनी मिळून भरता येतो. मी नेहमी मिळून भरायला लावते, कारण एकटीला “उद्या ये” म्हणणं सोपं असतं. वीस जणींना म्हणणं अवघड जातं.

फॉर्मात नाव, कार्ड नंबर, कधीपासून कधीपर्यंत काम हवं ते आणि सही किंवा अंगठा एवढंच. एका वेळी किमान चौदा दिवसांचं काम मागायचं असतं. मात्र चौदावर थांबू नका, महिन्याभराचं मागा. काम मिळालं नाही तर भत्त्याचा हिशोब मागितलेल्या दिवसांवर होतो. कमी मागितलं की भत्ताही कमी.

अर्ज स्वीकारणाऱ्यानं तारखेसह पोच द्यायची, हे कायद्यातच आहे. पोच म्हणजे चतकोर कागद. त्यावर तारीख, सही, शिक्का. तो न घेता उठायचं नाही. “मी टाकतो ना ऑनलाइन, पोच कशाला?” असं ऐकायला मिळेल. भांडू नका. म्हणा, “टाका की भाऊ, आम्ही बसतो.” आणि खरंच बसा. बायांनी भाकरी बांधून आणली असेल तर उत्तम. माझ्या अनुभवात दुपारचं जेवण पंचायतीच्या ओट्यावर सोडलं की दोनच्या आत शिक्का सापडतो.

पोच नाकारलीच तर तहसील कार्यालयाच्या आवक कक्षात अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. आपल्या राज्यात या योजनेचा तालुक्याचा कार्यक्रम अधिकारी तहसीलदार असतो आणि गटविकास अधिकारी सहकार्यक्रम अधिकारी. त्यामुळे “हे पंचायत समितीचं काम, आमच्याकडं नाही” या उत्तरावर परत फिरू नका. तेही शक्य नसेल तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. पोस्टाची पावती हीच मग पोच.

सेवकाचं एक ठरलेलं वाक्य आहे, त्यापासून सावध राहा : “तुम्ही मागणी नका करू, काम निघालं की मीच बोलावतो.” बोलायला आपुलकीचं वाटतं, पण त्याचा अर्थ असा, की आधी काम मंजूर होणार, मग त्याला हवी तितकीच माणसं, त्याला हव्या त्या तारखेला मागणीत चढवणार. कॉम्प्युटरवर मागणी तेवढाच पुरवठा. कागदोपत्री आपल्या तालुक्यात काम मागून न मिळालेला एकही माणूस नसतो तो असा. सेवक वाईट असतो असं नाही. तो मानधनावर असतो, त्याचं मानधनही थकतं आणि वरून त्याला सांगितलेलं असतं, भत्त्याचं प्रकरण होऊ द्यायचं नाही.

पोच घेतल्यावर चार-पाच दिवसांनी मागणी ऑनलाइन चढली का ते सेवा केंद्रावर बघा. नसेल चढली तर घाबरू नका. पोचेवरची तारीख हीच तुमची तारीख.

मागणी कधी करावी? ज्या भागातून माणसं ऊसतोडीला जातात तिथं याचं उत्तर दसऱ्याच्या आधी, असं आहे. एकदा मुकादमाकडून उचल घेतली की नवरा-बायको कोयता घेऊन निघालेच. मग गावात कितीही चांगलं काम निघू दे, त्यांना परत येता येत नाही. उचल फेडायची असते. आम्ही एका वर्षी ऑगस्टच्या ग्रामसभेत कामं सुचवली, सप्टेंबरात मागणी टाकली, आणि सात जोडपी त्या वर्षी थांबली. सातच. पण त्या सात घरांची पोरं शाळेतून निघाली नाहीत.

कामं सुचवायची म्हणजे काय तेही सांगते. पुढच्या वर्षी गावात कुठली कामं घ्यायची याचा आराखडा ग्रामसभेत ठरतो. ती कामं मंजूर होऊन तयार असली की त्याला ‘सेल्फवर कामं आहेत’ म्हणतात. सेल्फ रिकामा असेल तर पोच असूनही मस्टर निघायला उशीर होतो. म्हणून ग्रामसभेला जा आणि समतल चर, बांधबंदिस्ती, पांदण रस्ता, गाळ काढणं, झाडं लावणं यातलं आपल्या शिवाराला काय हवं ते इतिवृत्तात लिहून घ्या. साठ टक्के खर्च मजुरीवर आणि चाळीस टक्के सामानावर, हे गणित आहे. सिमेंटचे रस्ते मागणाऱ्या पुढाऱ्यांना ते आवडत नाही. मातीच्या कामात मजुरी जास्त निघते, म्हणून मातीची कामं मागा.

चौथी पायरी : कामावर

काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत मिळायला हवं. त्याहून लांब दिलं तर मजुरी दहा टक्के जास्त. साइटवर पाणी, सावली, औषधाची पेटी असायला हवी. पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला लावायचं आणि तिला मजुरी द्यायची. हे मी आजवर दोनच ठिकाणी पाहिलं, आणि दोन्ही ठिकाणी बायांनी लेखी मागितल्यावर. इजा झाली तर उपचार मोफत. दवाखान्यात दाखल करावं लागलं तर त्या दिवसांची किमान निम्मी मजुरी मिळते.

पहिल्या दिवशी फावडं हातात घेण्याआधी मस्टरवर आपलं नाव आहे का ते वाचून घ्या. हल्ली ई-मस्टर निघतं, छापील. मागणी केलेल्यांचीच नावं त्यात येतात. “आज कर काम, उद्या नाव लावतो” या शब्दावर केलेलं काम बुडतं. हजेरी मोबाईलच्या अॅपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून लागते. डोंगरात रेंज नसते, मग मेट, म्हणजे कामावर हजेरी लावणारा, टेकडीवर चढून फोटो पाठवतो, आणि एखादी बाई पाणी प्यायला गेलेली असली की फोटोत नाही म्हणून दिवस गेला. माझा उपाय जुनाच आहे. एक दोन रुपयांची वही. रोज संध्याकाळी गँगमधल्या शिकलेल्या पोरीनं तारीख आणि नावं लिहायची, सगळ्यांनी अंगठे उठवायचे. या वहीनं मला चार वेळा मजुरी मिळवून दिली आहे.

आता मोजमाप. नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथं होतो. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा मजुरीदर रोज ३१२ रुपये आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये नवा येतो. पण हा दर हजेरीचा नाही. कामाप्रमाणे दाम, असं हे आहे. ठरलेलं काम पूर्ण झालं तर पूर्ण दर, कमी झालं तर कमी. दिवसभर उन्हात राबून हातात दोनशेच आले की मजुराला वाटतं सेवकानं खाल्ले. कधी खाल्लेले असतात, पण बरेचदा मोजमापात गेलेले असतात.

म्हणून मोजायला शिका. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खड्डा म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. गावातल्या प्रत्येक माणसाला ब्रास कळतो, वाळू-मुरूम त्यावरच विकतात. अभियंत्याच्या मोजमाप पुस्तकात मात्र घनमीटर असतात. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. पाच जणांच्या गँगनं आठवड्यात किती ब्रास काढले ते वहीत लिहा, २.८३ नं गुणा, आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. फूटपट्टी नसेल तर सुताच्या दोरीला फुटाफुटावर गाठी मारा. एका गँगची दोरी मी बघितली आहे, जुन्या चादरीच्या काठाची, दर फुटाला हळदीचं बोट लावलेलं. त्या बायांचं मोजमाप अभियंत्यानं परत कधी कमी लिहिलं नाही.

आणि जमीन कशी आहे ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. मऊ माती, कठीण मुरूम, खडक यांचे दर वेगळे. वरचा फूटभर मऊ निघतो, अभियंता तेवढंच बघून जातो, आणि खालचा मुरूम फोडता फोडता टिकावाचं टोक बोथट होतं. मुरूम लागल्या दिवशीच फोटो काढा आणि मेटाला सांगून नोंद करायला लावा. खड्ड्याच्या मध्यभागी मातीचा एक खांब न खोदता तसाच ठेवा, मोजमाप होईपर्यंत. मूळ जमीन कुठवर होती हे तोच सांगतो.

पाचवी पायरी : मजुरी

पंधरा दिवसांत खात्यावर यायला हवी. उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर दिवसाला ०.०५ टक्का भरपाई. ऐकायला भारी वाटतं. सहा दिवसांची मजुरी १,८७२ रुपये धरली तर दिवसाला ९४ पैसे होतात. महिनाभर थकली तर अठ्ठावीस रुपये. तालुक्याला जायचं एसटीचं भाडं त्यात निघत नाही. तरी मागा, कारण भरपाई कुणामुळं द्यावी लागली हे कागदावर येतं आणि पुढचं मस्टर लवकर सरकतं.

पैसे आले नाहीत तर “वरून आले नाहीत” यावर समाधान मानू नका. तीन प्रश्न विचारा. मस्टर बंद होऊन भरलं गेलं का? मोजमाप झालं का? पैशाचा आदेश निघाला की रिजेक्ट झाला? रिजेक्ट असेल तर कारण लिहिलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीतलं असतं : नाव किंवा आधार.

काम मिळालंच नाही तर

इथं तो चतकोर कागद कामाला येतो. मागणीपासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्ता. पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढं किमान निम्मा. ३१२ च्या दरानं दिवसाला ७८ आणि मग १५६ रुपये. तीस दिवसांचे २,३४० होतात. रक्कम मोठी नाही. पण हा भत्ता राज्याच्या तिजोरीतून जातो आणि का द्यावा लागला याचं उत्तर अधिकाऱ्याला द्यावं लागतं. म्हणून भत्त्याचा अर्ज पडला की बरेचदा भत्ता येत नाही, काम येतं. आपल्याला तेच हवं असतं.

अर्ज साधाच लिहा. “आम्ही खाली सह्या करणारे अमुक गावचे जॉबकार्डधारक असून अमुक तारखेला कामाची मागणी केली आहे, पोच सोबत जोडली आहे. पंधरा दिवस उलटूनही काम मिळालेलं नाही. तरी कायद्याप्रमाणे बेरोजगार भत्ता मिळावा.” एवढंच. राग, इतिहास, पुढाऱ्यांची नावं काही घालू नका. पोचेची झेरॉक्स जोडा, मूळ कधीच देऊ नका. मी एकदा दिली होती. फाईल हरवली, आणि अकरा जणींचे महिन्याभराचे दिवस गेले. त्यातली एक अजून मला बाजारात भेटली की हसून विचारते, “ताई, सापडला का कागुद?”

एक उलटी बाजूही आहे. काम दिल्याची नोटीस आली आणि पंधरा दिवसांत तुम्ही हजर झाला नाहीत, किंवा न विचारता आठवड्याहून जास्त गैरहजर राहिलात, तर पुढचे तीन महिने भत्त्याचा हक्क जातो. तेव्हा जे खरंच जाणार आहेत त्यांचीच नावं मागणीत घाला. आकडा फुगवायला शेजाऱ्यांची नावं भरणं अंगाशी येतं.

आणि “शंभर झाले, संपलं” असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, की शंभर ही मनरेगात केंद्राची मर्यादा होती. महाराष्ट्राच्या स्वतःच्या कायद्यामुळं शंभराच्या पुढच्या दिवसांची मजुरी राज्य देत आलंय. मागणी थांबवायचं कारण नाही.

तक्रार तहसीलदाराकडं, लेखी, पोच घेऊन. सात दिवसांत निकाली काढायला हवी. तिथं दाद लागली नाही तर जिल्ह्याला योजनेचा लोकपाल असतो. गावात सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे गावासमोर कामांचा हिशोब तपासायची, ग्रामसभा लागते तेव्हा वही आणि दोरी दोन्ही घेऊन जा. तिथं मस्टर वाचून दाखवतात. आपलं नाव कुठल्या कामावर आहे ते कान देऊन ऐका. मेलेल्या माणसांची नावं मी तिथंच ऐकली आहेत.

कार्डावर आणखी काय मिळतं

थोडक्यात सांगते. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, बाई कर्ती असलेलं घर, घरकुलाचे लाभार्थी, वनहक्काची जमीन मिळालेले, अल्पभूधारक अशा कुटुंबांना स्वतःच्या रानात विहीर, फळबाग, गोठा यांसारखी कामं मागता येतात. अट एवढीच, की कार्ड हवं आणि घरातलं कुणीतरी त्या कामावर राबायला हवं. प्रधानमंत्री घरकुल बांधणाऱ्यांना स्वतःच्याच घराच्या कामाची नव्वद दिवसांची मजुरी मिळते. घरकुलाच्या हप्त्यापेक्षा ती वेगळी. अनेकांना कुणी सांगतच नाही. ३१२ नं गुणून बघा, २८,०८० रुपये होतात.

ज्यांना फावडं उचलवत नाही

मागणीचा कागद फिरवताना प्रत्येक वस्तीत एखादी म्हातारी हात पुढं करते आणि म्हणते, “माझंबी नाव लिही.” तिला काम लावू नका. तिचा अर्ज वेगळा. पासष्टच्या आतल्या विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजारी माणसांसाठी संजय गांधी निराधार अनुदान आणि त्यापुढच्या वयाला श्रावणबाळ. महिन्याला १,५०० रुपये, अपंगांना २,५००. अर्ज सेवा केंद्रातून किंवा तहसीलला. वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, नवरा वारला असेल तर त्याचा मृत्यूदाखला.

घोडं अडतं उत्पन्नाच्या दाखल्यावर. निराधारची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. मुलगा-सून मिळून रोजगार हमीवर शंभर दिवस राबले तर त्यांचेच ३१,२०० होतात. म्हणजे सरकारनं एक हमी पुरी केली की दुसऱ्या योजनेतून ते घर बाहेर. ही मर्यादा ठरवणाऱ्यांनी ही बेरीज कधी केली असेल असं वाटत नाही. म्हातारी खरोखर वेगळी राहत असेल, वेगळं शिजवत असेल, तर तिचं रेशनकार्ड आधी वेगळं करून घ्या आणि मग तिच्या एकटीच्या उत्पन्नाचा दाखला काढा. या क्रमानं गेलं तर दोन फेऱ्या वाचतात. मंजुरी आल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि म्हाताऱ्या माणसाला तारीख लक्षात राहत नाही. मी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर अशा चौदा जणींची नावं लिहून ठेवली आहेत. जानेवारी लागला की एकेकीच्या दारात जाते. दाखला दिला की त्याचीही पोच घेते.